पेटीच्या कपाटाची किल्ली

माझ्या पर्समध्ये तीन किल्ल्या असतात. एक घराची, एक स्कूटीची आणि एक पितळी, जुन्या घडणीची, दात झिजलेली. ही तिसरी चर्चमधल्या लाकडी कपाटाची. कपाटात एक पेटी, तबला-डग्गा, ढोलकी, सहा जोड टाळ, दोन खंजिऱ्या आणि पुठ्ठे निखळलेली ‘उपासना संगीत’ची चाळीसेक पुस्तकं. मी सोळा वर्षांची असताना ही किल्ली माझ्याकडे आली. आज मी सत्तावीस वर्षांची आहे, नगरच्या एका लॅबमध्ये रक्त-लघवी तपासते आणि दर शनिवारी संध्याकाळी सहाला ते कपाट उघडते.

किल्ली मिळाली त्यामागे साक्षात्कार नव्हता, उंदीर होता. नाताळच्या आदल्या आठवड्यात त्याने पेटीचा भाता कुरतडला. हवा भरली की फुस्स. मी घरून पंक्चरचं सोल्युशन आणलं, बाबांच्या फाटक्या पाकिटाचं चामडं कापलं आणि भोक बुजवलं. आमच्या मंडळीचे सेक्रेटरी एस.टी.च्या वर्कशॉपमधून हेड मेकॅनिक म्हणून निवृत्त झालेले. सगळे त्यांना मेकॅनिक मामाच म्हणतात. त्यांनी भाता दोनदा दाबला, कान लावून ऐकलं आणि खिशातून किल्ली काढली. “आजपासून उंदीर तुझे,” म्हणाले. “आणि कुलूप लावलं की दोनदा ओढून बघायचं.” देवाच्या सेवेत माझी नेमणूक झाली ती अशी.

लॅबमधल्या मैत्रिणी विचारतात, रविवारी चर्चला जातेस हे समजलं, पण शनिवारी कशाला? तिथं करतेस तरी काय? त्यांच्या डोळ्यांपुढे हिंदी सिनेमातलं चर्च असतं. शेकडो मेणबत्त्या, उंच छत आणि खाली एकटा नायक देवाशी भांडतोय. आमच्या चर्चला मंगलोरी कौलं आहेत. दारात चपलांचा ढीग असतो. पूर्वी सतरंज्या होत्या, आता प्लास्टिकच्या खुर्च्या. बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे, आणि मधल्या वाटेवर कुणाचं तरी पोर रांगत असतं. देवाशी भांडायला एकांत मिळेल अशी जागा ती नव्हे. तिथं सगळ्यांत मोठं भांडण पंख्याखालच्या खुर्चीवरून होतं.

‘मंडळी’ म्हणजे आमच्याकडे इमारत नव्हे, माणसं. त्या माणसांत तरुणांचा वेगळा गट असतो, तो तरुण संघ. वयाची अट कागदावर काहीही असो, प्रत्यक्षात लग्न होईपर्यंत माणूस तरुण. लग्न झालं की बाई महिला मंडळात जाते आणि पुरुष हळूहळू कमिटीकडे सरकतो. आमच्याकडे एक बेचाळीस वर्षांचे अविवाहित गृहस्थ अजून तरुण संघात आहेत आणि खुर्च्या उचलण्यात आम्हाला हार जात नाहीत. त्या दोन-अडीचशे खुर्च्या मांडणं-उचलणं, माइकच्या वायरी गुंडाळणं, संडे स्कूल घेणं, नाताळात रात्री घरोघर जाऊन गाणी म्हणणं आणि प्रत्येक घरी करंजी-शंकरपाळे खाऊन पहाटेपर्यंत घसा बसवून घेणं, हे सगळं तरुण संघाचं काम. हंगामाच्या सणाला लोक शेतातलं, परसातलं पहिलं फळ चर्चमध्ये आणतात आणि मग त्याचा लिलाव होतो. बोली पुकारायचं काम माझ्याकडे असतं. एकाच भोपळ्याचे मी तीनदा पैसे घेतलेले आहेत. घेणारा तो भोपळा परत देवाला देतो, मी परत पुकारते, आणि शेवटी तो पाळकसाहेबांच्याच घरी शिजतो.

२०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती माणसं साधारण दहा लाख ऐंशी हजार भरली. शंभरात एकसुद्धा पुरी नाही. त्यातही वसईचे कॅथलिक वेगळे, आम्ही नगरकडचे प्रोटेस्टंट वेगळे. आमचं घराणं मूळचं नेवासे तालुक्यातलं, वडाळ्याच्या मिशनच्या आसपासचं. आजोबा गावात मास्तर होते. आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना, दोन्ही एकाच खोलीत आणि एकाच खडूने. ज्या नेवाशात ज्ञानेश्वरी सांगितली गेली तिथलेच आपण, हे ते अभिमानाने सांगत. पेटीवर बोटं ठेवायला मला त्यांनीच शिकवलं.

आजोबांची आवडती गोष्ट कडब्याच्या गंजीची होती. लहानपणी मला वाटायचं ती बायबलमधलीच आहे. खरी ती अमेरिकेतली. १८०६ सालचा ऑगस्ट महिना. मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या विल्यम्सटाउनला कॉलेजातली पाच पोरं उघड्या माळावर प्रार्थनेला जमलेली. वीज कडाडून पाऊस आला, तशी ती जवळच्या गवताच्या गंजीच्या आडोशाला शिरली. तिथं भिजत त्यांनी ठरवलं की आपण आशियात जाऊन ख्रिस्ताची सुवार्ता सांगायची. चार वर्षांनी, १८१० साली, त्यातून परदेशी मिशनचं एक मंडळ उभं राहिलं. १८१३च्या फेब्रुवारीत त्या मंडळाची माणसं मुंबईच्या बंदरात उतरली. त्यांतला गॉर्डन हॉल अठ्ठावीस वर्षांचा होता. कंपनी सरकारला हे पाहुणे नको होते. त्यांना परत पाठवायचे हुकूम निघाले. तरी तो राहिला, मराठी शिकला, आणि १८२६ साली नाशिककडे फिरतीवर असताना पटकीने गेला. त्यांच्याबरोबर निघालेली हॅरिएट न्यूएल मुंबई पाहूच शकली नाही. बाळंतपणात आधी तान्हं गेलं, मग ती स्वतः मॉरिशसच्या बेटावर गेली. वय एकोणीस. हेच मिशन १८३१ साली नगरला पोचलं.

आजोबा ही गोष्ट सांगताना हॉलपाशी थांबत. मी मोठी झाले तशी हॅरिएटपाशी थांबायला लागले. एकोणिसाव्या वर्षी मी बी.एस्सी.च्या प्रॅक्टिकलच्या जर्नलवर सह्या घेत फिरत होते.

त्या पाच पोरांबद्दल माझं मत अजून पक्कं झालेलं नाही. ज्या आशियाचं भलं करायला निघाले त्या आशियातला एक माणूस त्यांनी बहुधा पाहिला नव्हता. अंधारात बुडालेल्या लोकांना उजेड द्यायचा, ही त्यांची भाषा मला आज खटकते. आमच्या नेवाशात तेराव्या शतकापासून चांगला उजेड होता. पण त्याच वाटेने १८२७ साली सिंथिया फरार नावाची अविवाहित बाई मुंबईत उतरली, पुढे नगरला येऊन मुलींच्या शाळा चालवत राहिली आणि १८६२ साली नगरलाच वारली. माझ्या पणजीला अक्षर ओळखता येत होतं, ते तसल्याच कुठल्या तरी शाळेमुळे. गंजीतल्या पोरांची भाषा आवडो न आवडो, मी त्यांच्या हिशेबात जमा आहे.

संडे स्कूलचीही अशीच कथा. नावावरून वाटतं, धर्म शिकवायचा तास असेल. १७८०च्या सुमाराला इंग्लंडात ग्लॉस्टर शहरात रॉबर्ट रेक्सने या शाळा सुरू केल्या त्या कारखान्यांत सहा दिवस राबणाऱ्या पोरांसाठी. रविवार एवढाच त्यांचा मोकळा, म्हणून रविवारी वाचायला-लिहायला शिकवायचं. माझ्या वर्गात आठ ते तेरा वयाची एकोणीस मुलं आहेत. वाचायला त्यांना येतं. नुसतं बसायला येत नाही.

त्यांना सर्वांत आवडतो युतुख. प्रेषितांच्या कृत्यांच्या पुस्तकात विसाव्या अध्यायात हा पोरगा दोन-चार ओळींपुरता येतो. त्रोवस गावी माडीवर सभा भरलीय, खोलीत भरपूर दिवे लावलेत, पौल बोलतोय, बोलतोय, मध्यरात्र झाली तरी बोलतोय. युतुख खिडकीत बसलेला. त्याला डुलकी लागते आणि तो तिसऱ्या मजल्यावरून खाली पडतो. लोक उचलतात तर मेलेला. पौल खाली येतो, त्याला कवटाळतो, जीव आहे म्हणून सांगतो. इथपर्यंत मुलं गप्प असतात. मग मी पुढचं सांगते, की पौल परत वर गेला, भाकर मोडून खाल्ली आणि उजाडेपर्यंत बोलतच राहिला. त्यावर जे हसू फुटतं, ते शेजारच्या हॉलमधल्या महिला मंडळाला ऐकू जातं. एका मुलाने विचारलं, “बाई, मग त्याला परत खिडकीतच बसवलं का?” मी पुन्हा उघडून पाहिलं. ते लिहिलेलं नाही.

तरुणांवर प्रवचन करायचं झालं की आमच्याकडे शमुवेल, दावीद, यिर्मया आणि तीमथ्य हे चौघे ठरलेले. शमुवेलाला देवाने रात्री हाक मारली; दाविदाने गोफणीने गल्याथ पाडला; यिर्मया म्हणाला मी पोर आहे, मला बोलता येत नाही; आणि तरुण आहेस म्हणून तुला कुणी कमी लेखता कामा नये, असं पौलाने तीमथ्याला लिहिलं. हे चौघे मला मान्य आहेत. पण दिवसभर कुठं तरी राबून सभेला आलेला आणि प्रवचनात झोप लागलेला युतुख मला जास्त ओळखीचा वाटतो. (तो राबून आला होता, हे माझं. बायबल तेवढं सांगत नाही.)

मला स्वतःला बोलायची पहिली वेळ आली २०१६च्या गुड फ्रायडेला. त्या दिवशी दुपारी बारा ते तीन उपासना चालते. ख्रिस्ताने वधस्तंभावरून काढलेले सात उद्गार सात जणांना वाटून दिलेले असतात. प्रत्येकाने आपल्या उद्गारावर बोलायचं. पाचवा उद्गार तहानेचा. मूळ ग्रीकमध्ये तो एकच शब्द आहे आणि चार शुभवर्तमानांपैकी फक्त योहानाच्या शुभवर्तमानात येतो. लहान म्हणून तो बहुतेक वेळा तरुण संघाच्या वाट्याला येतो. माझी बारावीची परीक्षा चालू होती. मार्च संपत आलेला, वीज गेलेली, आणि तीनशे माणसं वहीच्या पुठ्ठ्याने वारा घेत होती.

ते साल ज्यांनी मराठवाड्यात किंवा आमच्या दक्षिण नगरमध्ये काढलं त्यांना ते सांगायला नको. पुढच्याच महिन्यात लातूरला रेल्वेने पाणी न्यावं लागलं. माझी मोठी आत्या पाथर्डी तालुक्यात असते. तिच्या गावात तिसऱ्या दिवशी टँकर यायचा, पाणी विहिरीत ओतायचा, आणि बाया दोर टाकून गढूळ पाणी शेंदायच्या. मी आंबेत बुडवलेल्या बोळ्याबद्दल चार वाक्यं बोलले आणि मग त्या विहिरीबद्दल बोलत सुटले. मरताना माणसाने मागितलं ते पाणी, आणि आत्याच्या विहिरीवर रांगेत उभी असलेली बाई मागते तेही पाणीच, असं काहीसं. पंधरा मिनिटं दिलेली होती, मी आठ मिनिटांत संपवलं, कारण माझाच घसा सुकला.

बाहेर मामा गाठून म्हणाले, “विषय वधस्तंभाचा होता, पाणीपुरवठ्याचा नव्हता.” पाळकसाहेब त्यांच्या मागेच होते. ते एवढंच म्हणाले, “तहान सांगितलीस. पाणी?”

त्या एका शब्दाने आमचे पुढचे अडीच महिने खाल्ले. तरुण संघातल्या अकरा जणांनी मिळून सहा हजार चारशे रुपये जमवले. मंडळीतल्या एका बांधकाम ठेकेदाराने हजार लिटरच्या दोन काळ्या टाक्या उसन्या दिल्या. आठवड्याला एक टँकर ठरला. इथपर्यंत सगळा उत्साह. मग प्रश्न आला, टाक्या ठेवायच्या कुठं? आत्याच्या आळीत, म्हणजे गावाबाहेरच्या ख्रिस्ती घरांपाशी, ठेवल्या तर आपलेच आपल्यांना देतात असं होणार. मारुतीच्या पारापाशी ठेवल्या तर? आम्ही पाराजवळ उभे राहून मोजमाप करत असतानाच आमच्याच वयाचा एक मुलगा मोटारसायकल उभी करून आला. शांतपणे म्हणाला, “आज पाणी देताय. उद्या काय मागाल?”

तो प्रश्न झोंबला. पण बिनबुडाचा होता असं मी म्हणणार नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दुष्काळांत आमच्या भागात मिशनऱ्यांनी धान्य वाटलं, पोरकी पोरं सांभाळली, आणि त्याच वर्षांत पुष्कळांचे बाप्तिस्मेही झाले. माझ्या खापरपणजोबांचा त्यांतलाच. ते भुकेपोटी झाले की विश्वासाने, हे विचारणाऱ्यांना आजोबा म्हणत, भूक होती, अपमानही होता, आणि गावाच्या पाणवठ्यावर जायची बंदी होती. यातलं काय कशाच्या आधी आलं ते त्यांनाच विचारा. धर्म बदलल्याने जात काही सुटली नाही. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातींची सवलत हिंदूंपुरती ठेवली. १९५६ साली शिखांना आणि १९९० साली बौद्धांना ती मिळाली, ख्रिस्ती दलितांना आजही नाही. कॉलेजचा फॉर्म भरताना हे कळतं, आणि वर्गातली मुलगी जेव्हा विचारते “मग तुम्हाला नेमकं मिळालं काय?”, तेव्हाही कळतं.

त्या संध्याकाळी परतताना जीपमध्ये आमचं मोठं भांडण झालं. एकाने चर्चचं नाव घालून फ्लेक्स छापायचं ठरवलं होतं. दुसऱ्याचं म्हणणं, निदान टँकर आल्यावर एक प्रार्थना तरी करू, त्यात काय बिघडलं. आपला धर्म मानायचा, पाळायचा आणि सांगायचा हक्क घटनेनेच दिलाय. हक्क आहे, मलाही मान्य. पण तहानलेल्या माणसाला ऐकवायचा हक्क वापरला तर तो मुलगा बरोबर ठरतो, असं मी म्हणाले. फ्लेक्सवाला दोन आठवडे माझ्याशी बोलला नाही. शेवटी टाक्या जिल्हा परिषदेच्या शाळेच्या भिंतीला लागल्या, तोटीला कुलूप घातलं, किल्ली मुख्याध्यापकांकडे. गाणं नाही, प्रार्थना नाही, फोटो नाही. एकदा टँकरवाला आलाच नाही आणि पैसेही परत मिळाले नाहीत. एकदा टाकीत पाल मेली. पाऊस लागेपर्यंत असं रडतखडत चाललं. मोटारसायकलवाला मुलगा शेवटपर्यंत आमच्याशी बोलला नाही. तोटी गळायला लागली तेव्हा वायसर मात्र त्यानेच येऊन बदलला, असं आत्या सांगते.

देवाचं नाव घेता येणार नाही अशा जागी देवाचं काम कसं करायचं, हे मला त्या टाक्यांनी शिकवलं. त्याआधी मी सेवा म्हणजे वर उभं राहून काही तरी करणं समजत होते. पेटी वाजवतानाही माझं अर्धं लक्ष कोण ऐकतंय इकडे असायचं. अजूनही असतं, थोडं कमी झालंय.

पुढे पुण्यात डी.एम.एल.टी. करताना होस्टेलवर माझी खोलीसोबती वसईची होती, कॅथलिक, सामवेदी बोलणारी. ती मिस्सा म्हणायची, मी उपासना. ती फादर, मी पाळकसाहेब. माझी पाण्याची गोष्ट ऐकून तिने फादर फ्रान्सिस दिब्रिटोंची सांगितली. मला ते माहीत होते ‘सुबोध बायबल’चे अनुवादक आणि २०२०च्या उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून. तिच्या घरात ते माहीत होते रस्त्यावरचे म्हणून. वसईच्या विहिरींतलं गोडं पाणी टँकरवाले उपसून शहराला विकत होते, विहिरी खारट होत चालल्या होत्या. तेव्हा हरित वसई संरक्षण समितीच्या चळवळीत फादर पुढे उभे राहिले आणि गावोगावचे तरुण त्यांच्या मागे. तिचे वडील त्या मोर्चांत होते. म्हणजे आम्ही पाथर्डीत टँकर बोलावत होतो आणि तिच्या वडिलांनी वसईत टँकर अडवले होते, आणि दोघांनाही ती ख्रिस्ताची सेवाच वाटत होती. या विसंगतीवर आम्ही मेसच्या पातळ आमटीबरोबर एक अख्खी रात्र काढली.

आता पेटीकडे परत येते, कारण तीन वर्षांपूर्वी तिच्यावरूनच मंडळीत महाभारत झालं. (हा शब्द चर्चमध्येही चालतो.) तरुण संघातल्या तिघांनी गिटार आणि कीबोर्ड आणायची परवानगी मागितली. त्यांना यूट्यूबवरची हिंदी भक्तिगीतं म्हणायची होती. कमिटीत मामा उभे राहिले: पेटी-तबला ही आपली परंपरा, नारायण वामन टिळकांची परंपरा, तिला धक्का लागता कामा नये.

टिळकांचं नाव घेतलं की आमच्याकडे वाद संपतो. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी. रेल्वेत एका अनोळखी इंग्रज प्रवाशाने हाती दिलेल्या नव्या करारापासून त्यांचा तो प्रवास सुरू झाला होता. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंना धक्का बसला, त्या चार-पाच वर्षं वेगळ्याच वाटेवर राहिल्या. ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचलंय त्यांना ते ठाऊक आहे. टिळक आले तेव्हा मंडळीत इंग्रजी चालींवर बसवलेली गाणी बरीच होती. त्यांनी अभंग आणला, ओवी आणली, भजन आणलं. तुकारामांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापाशी आलो, असं ते सांगत. नगरला त्यांच्याही आधी कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभं केलं होतं.

मला बाजू घ्यायची होती ती मामांची. पेटी माझी आहे. पण तयारीसाठी वाचायला बसले आणि पंचाईत झाली. ज्या पेटीला आपण परंपरा म्हणतो, ती मुळात १८४०च्या दशकात पॅरिसमध्ये घडलेली. कलकत्त्यात तिला हाताचा भाता बसला आणि ती मांडीपुढे आली. आपल्या रागदारीला ती शोभत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० ते १९७१ अशी तीसेक वर्षं तिला दारात उभं केलं नव्हतं. मी हे सगळं कमिटीत वाचून दाखवलं. मामा बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, “म्हणजे तुझ्या पेटीला हाकलायचं का?”

गिटार आली. पेटी राहिली. आमच्या बायका काळी एकमध्ये गातात आणि गिटारवाल्या मुलाला तो सूर काही केल्या पकडता येईना. तीन रविवार त्याची बोटं सोलून निघाली, मग त्याने कॅपो विकत आणला. आता तो ढोलकीही शिकतोय. जिंकलं कोण, हे कमिटीत अजून ठरायचं आहे.

मामांनी चर्चमध्ये मोबाइल बंदीची पाटी स्वतः रंगवून लावली होती. २०२०च्या लॉकडाउनमध्ये पुनरुत्थानाचा सण १२ एप्रिलला आला आणि कुलूप लागलेल्या चर्चच्या दारावर ती पाटी तशीच लटकत होती. आदल्या रात्री मला त्यांचा फोन आला. “ती उपासना फोनवर लावायची कशी? तुझ्या मामीला सांग. मी बघणार नाहीये.” मी लॅबमधून, अंगावर तो प्लास्टिकचा घामट झगा चढवायच्या आधी, मामींना बटणं सांगितली. पाठीमागून मामांचा आवाज येत होता, “आवाज वाढव, आवाज वाढव.” पुढच्या वर्षी दुसरी लाट आली तेव्हा आमच्या तरुण संघाच्या मुलांनी दफनभूमीत काय काय केलं ते मी लिहिणार नाही. त्यांतल्या दोघांनी अजून मला ते नीट सांगितलेलं नाही, आणि मी विचारत नाही.

गेल्या वर्षी पाळकसाहेबांनी मला बसवून विचारलं, “सेमिनरीला जाशील का?” आमचं चर्च ऑफ नॉर्थ इंडिया १९७० साली नागपुरात सहा पंथ एकत्र येऊन झालं; त्यात बायकांनाही दीक्षा मिळते. आधी मंडळीची शिफारस, मग पुण्यात चार-पाच वर्षांचं शिक्षण, हिब्रू, ग्रीक, मंडळीचा इतिहास. शेवटी सेरामपूरची बी.डी. ही पदवी. सेरामपूर म्हणजे जिथं विल्यम केरीने १८०५ साली मराठीचं व्याकरण छापलं तेच. आमच्या संघातला फ्लेक्सवाला मुलगा आत्ता पुण्यात तेच शिकतोय. सुटीत आला की हिब्रू अक्षरं काढून दाखवतो आणि खुर्च्या उचलायच्या वेळी त्याला नेमका फोन येतो.

आईला भीती वाटली की मी हो म्हणेन. पाळकाचा पगार तिला माहीत आहे, आणि पाळक झालेल्या मुलीला स्थळ कसं बघायचं हे तिला माहीत नाही. मी नाही म्हणाले ते मात्र या दोन्ही कारणांनी नव्हे. मला लॅब आवडते. स्लाइडवर मलेरियाचा जंतू दिसतो त्या क्षणी कुणाच्या तरी घरात आज रात्री योग्य गोळी पोचणार हे कळतं, आणि त्या घराला माझं नाव कळत नाही. पाळकसाहेब म्हणाले, “बरं.” मग थोडं थांबून, “शनिवारचं काय?” शनिवार आहेच, मी म्हणाले.

या शनिवारी कपाट उघडलं तर खालच्या कप्प्यात लेंड्या. भाता शाबूत होता, पण तीन पुस्तकांचे कोपरे गेले होते. माझ्याबरोबर संडे स्कूलमधली एक तेरा वर्षांची मुलगी असते. ती पेटी शिकते आणि किल्लीवर तिचा डोळा आहे. तिने सुचवलं, आमच्याकडे मांजरीची चार पिल्लं आहेत. मामा आता एक्क्याऐंशीचे आहेत, काठी टेकत येतात. देवाच्या घरात मांजर चालणार नाही, असं त्यांनी बजावलं, कुलूप दोनदा ओढून पाहिलं आणि घरी गेले.

रविवारी उपासनेला बसले तर डाव्या हाताच्या तिसऱ्या खिडकीत एक करडं पिल्लू. प्रवचन लांबलं होतं. मुलांच्या रांगेत कुजबुज चालली होती, आणि एकच नाव ऐकू येत होतं, युतुख, युतुख. पिल्लाने दोन्ही पंजे छातीखाली घेतले होते आणि ते गाढ झोपलं होतं. मामांनी पाहिलं, मी पाहिलं की त्यांनी पाहिलं, आणि ते समोर पाळकसाहेबांकडे बघत राहिले. खिडकी तळमजल्याची आहे.